पर्सियसचा माग

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मातीचा एक मोठा रांजण आहे. ग्रीसमधल्या बिओशिया प्रांतात सापडलेला, इसवी सनापूर्वी सातव्या शतकातला. त्यावरच्या उठावाच्या चित्रात डोक्यावर टोपी आणि खांद्याला पिशवी असलेला एक पुरुष एका बाईच्या गळ्यावर शस्त्र चालवतो आहे. बाईच्या अंगात पायघोळ वस्त्र आहे, आणि तिच्या पाठीमागून चक्क घोड्याचे धड निघालेले आहे. तिच्या केसांत साप नाहीत. तरी हा पर्सियस आणि ही मेड्युसा हे ओळखायला वेळ लागत नाही, कारण शस्त्र चालवताना त्याने तोंड फिरवून घेतले आहे. तिच्याकडे जो पाहील तो दगड होईल, ही गोष्ट त्या कुंभाराला ठाऊक होती. सापांची गोष्ट एक तर त्याला ठाऊक नव्हती, किंवा ती त्याला महत्त्वाची वाटली नाही.

लूव्रने २०२१ च्या मार्चमध्ये आपल्या संग्रहातल्या ४ लाख ८२ हजार वस्तूंच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या. त्यामुळे हा रांजण आज नांदेडला किंवा म्हापशाला बसून, फोनच्या पडद्यावर, चित्र मोठे करून निरखता येतो. ग्रीक पुराणकथांची आवड असलेल्या माणसाला एका पिढीपूर्वी हे सुख नव्हते. शहरातल्या एखाद्या जुन्या ग्रंथालयात इंग्रजी कथासंग्रह मिळायचा आणि त्यात जे असेल तेवढाच पर्सियस. आता अडचण उलटी झाली आहे. नाव टाकले की हजारो पाने समोर येतात, आणि बहुतेकांवर एकच गोष्ट असते: भविष्यवाणी, सोन्याचा पाऊस, पेटीत घालून समुद्रात सोडलेली आई आणि बाळ, मेड्युसाचे मस्तक, पंखांचा घोडा, समुद्रराक्षस, राजकन्या, लग्न. सलग, गुळगुळीत. यंत्राने लिहिलेली तयार उत्तरे तर आणखीच गुळगुळीत असतात. या गोष्टीतला कुठला तुकडा कुणी सांगितला, केव्हा सांगितला, ते तिथे कळत नाही. आणि माझ्या मते पर्सियसची खरी गोडी नेमकी तिथेच आहे.

पंखांच्या घोड्याचेच घ्या. पर्सियस पेगाससवर बसून अँड्रोमेडाला सोडवायला येतो, हे चित्र इतके ओळखीचे आहे की त्यावर कुणी शंका घेत नाही. रुबेन्सच्या सतराव्या शतकातल्या चित्रात त्याच्या मागे घोडा उभा आहे. १९८१ च्या ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ या चित्रपटात तो घोड्यावरून उडतो, आणि समुद्रराक्षसाला ‘क्राकेन’ हे उत्तर युरोपातल्या दंतकथांमधून उसने घेतलेले नाव मिळते. प्राचीन ग्रंथांत मात्र पेगाससचा स्वार बेलेरोफॉन हा दुसराच वीर आहे. पर्सियसला उडायला पंखांची पादत्राणे आहेत. रोमन कवी ओव्हिड तर सांगतो की राक्षसाशी लढताना उडालेल्या पाण्याने ती पादत्राणे भिजली, त्यांचा भरवसा उरला नाही, म्हणून पर्सियस समुद्रातल्या एका खडकावर उतरला आणि तिथून लढला. घोडा असता तर या खडकाची गरजच नव्हती. ओव्हिडच्या ‘मेटॅमॉर्फोसिस’च्या चौथ्या सर्गात हे कुणालाही वाचता येते, फुकट, लॅटिन आणि इंग्रजी शेजारी ठेवून.

हे ज्या ठिकाणी सर्वांत सोयीने वाचता येते, त्या ग्रंथालयाचे नावच पर्सियस आहे. ‘पर्सियस डिजिटल लायब्ररी’ची आखणी १९८५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात ग्रेगरी क्रेन यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तेव्हा आजच्यासारखे इंटरनेट नव्हते. पहिली आवृत्ती १९९२ मध्ये सीडीवर निघाली, ती मॅकिंटॉश संगणकावर चाले. पुढे प्रकल्प टफ्ट्स विद्यापीठात गेला आणि १९९५ पासून सगळे जाळ्यावर आले. मूळ ग्रीक किंवा लॅटिन ओळीतल्या कुठल्याही शब्दावर टिचकी मारली की त्याचे व्याकरण आणि कोशातला अर्थ समोर येतो. ज्याला भाषा अर्धवट येते किंवा मुळीच येत नाही, त्यालाही अनुवादक कुठे काय करतो आहे याचा अदमास घेता येतो. २०१८ मध्ये याच ग्रंथांसाठी ‘स्कैफ व्ह्यूअर’ हे नवे वाचनदालन आले. रॉस स्कैफ या अकाली निवर्तलेल्या अभ्यासकाचे नाव त्याला दिले आहे.

या ग्रंथालयाची किल्ली म्हणजे संदर्भ देण्याची जुनी पद्धत. आपण अध्याय आणि श्लोक सांगतो, तसे ग्रीक गद्याला पुस्तक, प्रकरण, परिच्छेद असे आकडे असतात आणि काव्याला ओळींचे. अपोलोडोरस २.४.१ असे लिहिले की जगातल्या कुठल्याही आवृत्तीत तोच मजकूर सापडतो. एखाद्या लेखात असा आकडा नसेल तर तो लेख मी बाजूला ठेवतो. आणि आकडा असेल तर तो उघडून पाहतो, कारण खोटे आकडे देण्यात यंत्रे आणि माणसे दोन्ही तरबेज आहेत.

अपोलोडोरसच्या नावावर असलेला ‘बिब्लिओथेका’ हा इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला पुराणकथांचा संग्रह. जगभरच्या सारांशांचा कणा बहुधा हाच. जेम्स फ्रेझर यांचा १९२१ चा इंग्रजी अनुवाद, त्यांच्या लांबलचक टिपांसह, खुला आहे. सारांश वाचून वाटते की अपोलोडोरस एकच गोष्ट सांगत असेल. प्रत्यक्षात तो सारखा थांबतो आणि ‘काही जण असे म्हणतात’ म्हणून दुसरी बाजू मांडतो. आर्गोसचा राजा अ‍ॅक्रिसियस याला भविष्य कळते की मुलीचा मुलगा तुझा जीव घेईल. म्हणून तो आपल्या मुलीला, डानाएला, जमिनीखालच्या पितळी खोलीत कोंडतो. तरी ती गरोदर राहते. कुणापासून? झ्यूस सोन्याच्या धारांच्या रूपाने छतातून उतरला, हे आपण ऐकलेले असते. अपोलोडोरस मात्र आधी दुसरीच शक्यता नोंदवतो: काहींच्या मते तो पुरुष प्रीटस होता, अ‍ॅक्रिसियसचा सख्खा जुळा भाऊ. घरातले हे प्रकरण सोन्याच्या पावसाखाली झाकले गेले.

मराठी वाचकाला अशा वाचनाची सवय आहे, किंबहुना असायला हवी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचा मजकूर त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही, तळटिपांत आहे. इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ याच आवृत्तीच्या पायावर उभे राहिले. त्या संहितेचे संगणकीय रूप क्योटोच्या मुनेओ तोकुनागा यांनी तयार केले आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ते तपासून दुरुस्त केले, तेही खुले आहे. कुठला थर केव्हाचा हे विचारल्याने महाभारत लहान झाले नाही. पर्सियसही होत नाही.

थर पाहण्याची सर्वांत जास्त गरज मेड्युसाच्या बाबतीत आहे. गेल्या काही वर्षांत तिची एक कहाणी फार पसरली. मेड्युसा अथीनेच्या मंदिरातली सुंदर तरुणी होती, पोसायडनने तिच्यावर बलात्कार केला, आणि अथीनेने शिक्षा केली ती तिलाच, केसांचे साप करून. अर्जेंटिनी-इटालियन शिल्पकार लुचानो गार्बाती यांनी २००८ मध्ये केलेल्या शिल्पात मेड्युसाच्या हातात पर्सियसचे मस्तक आहे, आणि २०२० मध्ये ते शिल्प न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयासमोरच्या बागेत उभे राहिले. अत्याचार झालेल्या स्त्रियांना या मेड्युसेत आपला चेहरा दिसला, हे मी मनापासून समजू शकतो. पण ‘मूळ ग्रीक कथा’ म्हणून जेव्हा ही गोष्ट सांगितली जाते, तेव्हा साक्षीदार बोलवावे लागतात.

सर्वांत जुना साक्षीदार हेसिअड, सुमारे इ.स.पू. ७००. ‘थिऑगनी’च्या २७० व्या ओळीपासून पुढे पाहावे. तीन गॉर्गन बहिणी, त्यांतली मेड्युसा तेवढी मर्त्य. पोसायडनने मऊ कुरणात, वसंताच्या फुलांमध्ये तिच्याशी संग केला. मंदिर नाही, अथीना नाही, शिक्षा नाही. पर्सियसने मस्तक उडवले तेव्हा धडातून पेगासस आणि क्रिसाओर उसळून बाहेर आले. लूव्रच्या रांजणावरचे घोड्याचे धड या घोडेजन्माशी नाते सांगत असेल, असे वाटल्याशिवाय राहत नाही. त्यानंतर पिंडार. इ.स.पू. ४९० मध्ये डेल्फीच्या स्पर्धेत ऑलॉस हे जोडवाद्य वाजवून जिंकलेल्या मिडास नावाच्या वादकासाठी त्याने रचलेले गीत, बारावे पिथियन. त्यात मेड्युसाचे गाल सुंदर आहेत. तिच्या बहिणींनी फोडलेला टाहो ऐकून अथीनेने त्याची नक्कल करणारे वाद्यसंगीत निर्माण केले, असे पिंडार सांगतो. मारल्या गेलेल्या बहिणीसाठी केलेल्या विलापातून संगीत जन्मते. पर्सियसच्या विजयाची गोष्ट सांगणारा कवी त्या दोघींचे रडणे ऐकतो, हे मला या साऱ्या शोधातले सर्वांत मोठे धन वाटते. सारांशांमध्ये ते जवळजवळ कधीच नसते.

अपोलोडोरस आणखी एक मत नोंदवतो. मेड्युसा अथीनेशी सौंदर्यात बरोबरी करू पाहत होती, म्हणून अथीनेसाठी तिचे मस्तक कापले गेले, असे काही जण म्हणतात. आणि मंदिरातल्या बलात्काराची गोष्ट? ती ओव्हिडची, इसवी सन ८ च्या आसपासची, म्हणजे हेसिअडनंतर सातशे वर्षांनी. चौथ्या सर्गाच्या शेवटी ती येते. तिथल्या क्रियापदावर टिचकी मारली तर कोश बळजबरीचा, भ्रष्ट करण्याचा अर्थ देतो. ओव्हिडने काहीही झाकलेले नाही. पण ही गोष्ट सांगतो कोण, तेही बघावे. लग्नाच्या मेजवानीत एक पाहुणा विचारतो की तिघी बहिणींत हिच्याच केसांत साप का, आणि उत्तर देतो स्वतः पर्सियस. मारणारा माणूस, भरल्या पंगतीत, मेलेल्या बाईवर झालेला अन्याय सांगतो आहे. ज्या कवीला त्याच सुमारास सम्राट ऑगस्टसने काळ्या समुद्राकाठी हद्दपार केले, त्याने सत्तेच्या हातची अशी शिक्षा इतकी स्पष्ट लिहावी, याला वजन आहे. ओव्हिडची मेड्युसा खोटी नाही. ती ओव्हिडची आहे, आणि ती त्याच्या नावाने सांगितली की तिचे बळ वाढतेच.

चित्रांची साक्ष ग्रंथांना समांतर चालते. एल्युसिसच्या संग्रहालयातल्या इ.स.पू. सातव्या शतकातल्या मोठ्या कुंभावर गॉर्गन बहिणी पर्सियसच्या मागे धावताहेत, त्यांची तोंडे कढयांसारखी आणि त्यांतून साप निघालेले. त्या कुंभात एका मुलाचे दफन केलेले होते. बर्लिनमधल्या कॉरिंथच्या घड्यावर, इ.स.पू. सहाव्या शतकात, पर्सियस समुद्रराक्षसाला दोन्ही हातांनी धोंडे मारतो आहे. शेजारी अँड्रोमेडा उभी, आणि तिघांचीही नावे चितारणाऱ्याने लिहून ठेवलेली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या, इ.स.पू. ४५० ते ४४० च्या दरम्यानच्या, पॉलिग्नोटसच्या मानल्या जाणाऱ्या पात्रावर मेड्युसा शांत झोपलेली सुंदर तरुणी आहे आणि पर्सियस तोंड वळवून तिच्या मानेला कोयता लावतो आहे. दोनशे वर्षांत राक्षसीण माणूस झाली. ओव्हिडच्या साडेचारशे वर्षे आधी अथेन्सच्या कुणा चित्रकाराला तिची कणव आली होती. मेट्रोपॉलिटनने २०१७ मध्ये ३ लाख ७५ हजार प्रतिमा कुठल्याही हक्काविना वापरायला दिल्या. ज्याला पर्सियसवर पुस्तिका काढायची आहे, त्याला अशा चित्रासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

अशी पात्रे शोधायची तर ऑक्सफर्डचा बीझली संग्रह उघडावा. जॉन बीझली यांनी आयुष्यभर अथेन्सच्या पात्रांवरची रेघ न् रेघ पाहिली, आणि जिथे सही नव्हती तिथे हाताच्या वळणावरून चित्रकार ओळखले. त्यांच्या नोंदी संगणकावर घेण्याचे काम १९७९ मध्ये सुरू झाले. आज तिथे एक लाखाहून अधिक पात्रांच्या नोंदी आहेत आणि पर्सियस हे नाव टाकून त्या चाळता येतात. ज्या पात्राला संग्रहाचे नाव आणि क्रमांक नाही, असे ‘प्राचीन ग्रीक चित्र’ कुणी दाखवले तर त्यावर विसंबू नये. त्यांतली पुष्कळशी एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांसाठी काढलेली असतात.

आणि मग हरवलेले पर्सियस. एस्किलस, सोफोक्लीस, युरिपिडीस तिघांनी या घराण्यावर नाटके लिहिली, अखंड एकही उरले नाही. युरिपिडीसची ‘अँड्रोमेडा’ इ.स.पू. ४१२ मध्ये झाली. पुढच्याच वर्षी अ‍ॅरिस्टोफेनीसने तिचे विडंबन केले, आणि ४०५ च्या ‘बेडूक’ नाटकात त्याचा दियोनिसस सांगतो की जहाजावर ‘अँड्रोमेडा’ वाचता वाचता त्याला युरिपिडीसची ओढ लागली. मूळ नाटकाचे कितीतरी तुकडे आपल्याला त्या विडंबनामुळेच कळतात. एस्किलसचे ‘जाळे ओढणारे’ हे विनोदी नाटक तर इजिप्तच्या वाळूने राखले. ग्रेनफेल आणि हंट या ऑक्सफर्डच्या दोघा तरुणांनी १८९६ च्या हिवाळ्यात ऑक्सिरिंकस इथल्या प्राचीन उकिरड्यांवर खणायला सुरुवात केली आणि पपायरसचे ढीगच्या ढीग निघाले. या नाटकाचा एक तुकडा इटलीत, दुसरा १९४१ मध्ये ऑक्सिरिंकसच्या मालिकेत प्रसिद्ध झाला. सेरिफॉस बेटाच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यात पेटी येते. आत डानाए आणि तान्हा पर्सियस. सायलीनस नावाचा म्हातारा आईवर भाळतो, बाळाला लाडीगोडी लावतो, आणि बाळ त्याच्याकडे बघून हसते. पुढे दैत्यांचा वध करणारा वीर इथे नुसता खिदळणारा पोर आहे.

त्याच पेटीतली डानाए सायमोनिडीस या ग्रीक कवीच्या एका तुकड्यात बोलते. वादळात, अंधारात, झोपलेल्या बाळाशी. ही कविता वाचली कशी? इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात दियोनिसियस नावाच्या वक्तृत्वशास्त्राच्या शिक्षकाला दाखवायचे होते की ओळी न तोडता गद्यासारखी लिहिली तर कविता ओळखू येत नाही. उदाहरण म्हणून त्याने ही निवडली. त्याच्या पाठ्यपुस्तकातला तो एक नमुना टिकला, म्हणून डानाएचा आवाज टिकला.

प्रवासवर्णनांत पर्सियस पुन्हा वेगळाच भेटतो. हिरोडोटस दुसऱ्या पुस्तकात, ९१ व्या प्रकरणात, इजिप्तमधल्या खेम्मिस गावच्या त्याच्या देवळाची हकिगत देतो. तिथे त्याचे दोन हात लांबीचे पादत्राण अधूनमधून सापडते, आणि ते सापडले की देशभर सुबत्ता येते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला पॉसेनियस आर्गोसच्या बाजाराजवळ मातीचा उंचवटा पाहतो, त्याखाली मेड्युसाचे मस्तक पुरलेले आहे असे लोक सांगतात. चमत्कार वगळून ऐकलेली गोष्टही तो देतो: मेड्युसा ही लिबियातल्या एका सरोवराकाठच्या लोकांची राणी, ती सैन्य घेऊन लढली, रात्री दग्याने मारली गेली, आणि मेल्यावरही तिचे रूप पाहून पर्सियस थक्क झाला. ‘टोपोसटेक्स्ट’ या खुल्या नकाशावर आर्गोस किंवा सेरिफॉसवर बोट ठेवले की त्या जागेचा उल्लेख करणारे प्राचीन उतारे उघडतात. मायसिनीला ठेवले तर पॉसेनियसने सांगितलेली नगरस्थापनेची कथाही मिळते.

आकाशात हे सगळे कुटुंब एकत्र आहे. मराठी खगोललेखनात पर्सियसला ययाती, अँड्रोमेडाला देवयानी, तिच्या आईला शर्मिष्ठा आणि बापाला वृषपर्वा म्हणतात. दिवाळीच्या दिवसांत रात्री नऊच्या सुमारास ईशान्येला ययाती वर आलेला असतो. मेड्युसाचे मस्तक म्हणून ओळखला जाणारा अल्गॉल तारा त्याच्या हातात आहे. जवळपास दर २ दिवस २१ तासांनी त्याचे तेज घटते, ही नियमितता इंग्लंडच्या जॉन गुडरिक यांनी १७८३ मध्ये मांडली. ऑगस्टच्या १२-१३ तारखेचा ययातीतला प्रसिद्ध उल्कावर्षाव मात्र आपल्याकडे बहुतेक वेळा पावसाळी ढगांत जातो.

हे सारे खुले आहे, पण आपोआप खुले झालेले नाही. ‘सूडा’ हा दहाव्या शतकातला बायझंटाइन कोश १९९८ पासून स्वयंसेवकांनी नोंद-नोंद करून इंग्रजीत आणला, तीस हजारांहून अधिक नोंदी, आणि २०१४ मध्ये पहिला हात पुरा झाला. ‘थेऑइ’ हे ग्रीक देवदेवतांचे सुंदर संकेतस्थळ न्यूझीलंडमधून चालते. तिथे प्रत्येक विधानाखाली मूळ उतारा दिलेला असतो, म्हणून नवख्या माणसाने तिथून सुरुवात करावी असे मी सांगेन. दुसऱ्या बाजूला, लोब ग्रंथमालेचे नवे अनुवाद आणि ‘थेसॉरस लिंग्वी ग्रीके’ हा कॅलिफोर्नियात १९७२ पासून उभा राहिलेला अवघ्या ग्रीक वाङ्मयाचा साठा वर्गणीच्या कुंपणात आहेत. आपल्याकडच्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी ही वर्गणी भरावी, आणि भरली असेल तर ती सुविधा आहे हे विद्यार्थ्यांना सांगावे. सांगितले न गेल्यामुळे वापराविना पडलेली साधने ही फार वाईट उधळपट्टी आहे.

मला याहून मोठी आस आहे ती मराठी अनुवादाची. पर्सियस ग्रंथालयातली बहुतेक संहिता अशा परवान्याखाली आहे की श्रेय देऊन, त्याच अटीवर, कुणालाही ती वापरता येते. संस्कृत शिकलेल्या मराठी माणसाला ग्रीकमधले द्विवचन, भूतकाळी क्रियापदाला पुढून लागणारा स्वर, विभक्तींचा पसारा परका वाटत नाही. इंग्रजीच्या आडून येण्याची सक्ती त्याला नाही. सुरुवात अपोलोडोरसच्या दुसऱ्या पुस्तकातल्या चौथ्या प्रकरणापासून करावी. पर्सियसची सारी कथा तिथे पाच परिच्छेदांत येते, आणि सारांश जिथे लग्नापाशी थांबतात तिथे ती थांबत नाही. लॅरिसाच्या स्पर्धेत पर्सियसने फेकलेली थाळी म्हाताऱ्या अ‍ॅक्रिसियसच्या पायावर आदळते आणि आजोबा मरतो. आर्गोसचे राज्य आता नातवाचे. पण ज्याला आपल्या हातून मरण आले त्याची गादी घ्यायची लाज वाटून तो ती प्रीटसच्या मुलाला देतो, आणि बदल्यात टिरिन्स घेऊन तिथे राहायला जातो.